लॅपटॉप अडला, मुलीचे शिक्षण अडू देऊ नका



गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. विठ्ठलवाडीच्या आमच्या विहारात सायंकाळची वंदना आटोपली होती. सतरंज्या गुंडाळून आम्ही कुलूप लावण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक बांधव दारात येऊन उभे राहिले. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते हेल्पर आहेत. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत लॅपटॉप. मागे त्यांची पत्नी आणि खाली मान घातलेली मुलगी.

"भाऊ, ही तुमची वस्तू परत घ्या," ते म्हणाले. "पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत याच्यापुढे बसते अन् फॉर्म काही भरून होत नाही. दुकानात दाखवलं. तो म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवा घ्या. नवा आणायचा कुठून?"

मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती हळूच म्हणाली, "काका, मी टाइमपास करत नाही. जातीचा दाखला जोडायला गेले की ब्राउझर आपोआप बंद होतो. पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं." शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख गुरुवारी होती.

"तुमची वस्तू" हा शब्द आम्हाला लागला. कारण तो लॅपटॉप खरोखरच आम्ही दिलेला होता. दोन वर्षांपूर्वी जयंतीला वर्गणी गोळा करून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार फिरून, आम्ही वापरलेले पाच लॅपटॉप विकत घेतले. १४ एप्रिलला व्यासपीठावर त्यांचे वाटप केले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्यानंतर ते लॅपटॉप चालतात की नाहीत हे विचारायला आम्ही कोणाच्याही दारात गेलो नव्हतो.

आधी सुई, मग बॉबिन

आम्ही लॅपटॉप सुरू केला. पडदा उजळून काम करण्याजोगा व्हायला सहा मिनिटे लागली. आमचीही चलबिचल झाली. हे काढू का, ते पुसू का, असे म्हणत आम्ही चार ठिकाणी बोटे घातली. तेव्हा मुलीची आई बोलल्या. त्या उल्हासनगरहून येणारे शिलाईचे काम घरी करतात.

"भाऊ, माझी मशीन धागा तोडायला लागली की मी आधी सुई बघते. मग बॉबिन. मग टेन्शन. एकदम सगळं फिरवलं तर बिघाड कशात होता तेच कळत नाही."

आम्ही आयुष्यभर कारकुनी केली. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर एकेक नोंद तपासायची असते, सगळी खतावणी खोडायची नसते, हे आम्हाला ठाऊक होते. तरी ते आठवण करून द्यायला त्या माउलीच यावे लागले! तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. प्रत्येक घटनेला कारण असते. कारण दूर झाले की परिणाम दूर होतो. यंत्राला नशीब नसते. मुलीचा पायगुण वाईट नसतो. कारण शोधायचे असते, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची असते.

पहिला प्रश्न असा की मंद नक्की काय आहे? लॅपटॉप, इंटरनेट की समोरची वेबसाइट? याची परीक्षा सोपी आहे. इंटरनेट बंद करून एखादी साधी फाइल उघडावी. तीसुद्धा रेंगाळत असेल तर दोष यंत्रात. फाइल झटकन उघडली, पण मोबाइलवरही तीच वेबसाइट उघडत नसेल, तर इंटरनेट किंवा वेबसाइट अडलेली. अशा वेळी लॅपटॉपवर राग काढण्यात अर्थ नाही. आमच्या प्रकरणात साधी फाइलसुद्धा रेंगाळली. म्हणजे घरातच पाहायचे होते.

दुसरी पायरी रीस्टार्टची. मुलीला विचारले, "काम संपल्यावर काय करतेस?" ती म्हणाली, "झाकण मिटते." झाकण मिटल्याने यंत्र बहुधा फक्त झोपते, उघडलेले सारे तसेच राहते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज १० मध्ये नुसते शट डाउन केले तरी, फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे, यंत्र पूर्ण ताजे होत नाही. त्यासाठी रीस्टार्टच निवडावे लागते. एवढ्यानेच कित्येकांचे निम्मे दुखणे जाते. आमचे मात्र गेले नाही.

ओटा लहान, फडताळ भरलेले

तिसरी पायरी म्हणजे दुखते कुठे ते पाहणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. कोणत्या रकान्यातला आकडा सतत नव्वद-शंभर टक्क्यांवर आहे ते पाहावे. आमच्या समोर डिस्क १०० टक्के आणि मेमरी ९३ टक्के होती.

गृहिणींना समजेल अशा भाषेत सांगतो. मेमरी, म्हणजे रॅम, हा स्वयंपाकाचा ओटा. डिस्क म्हणजे फडताळ. काम ओट्यावर चालते, सामान फडताळात राहते. या लॅपटॉपचा ओटा ४ जीबीचा, म्हणजे आजच्या मानाने लहान. ओटा भरला की विंडोज काही भांडी तात्पुरती फडताळात सरकवते. आणि फडताळही भरलेले असेल तर? मग भांडी ठेवायला जागाच उरत नाही आणि हातातले काम खाली पडते. ब्राउझर अचानक बंद होतो तो अशा वेळी.

फडताळ उघडून पाहिले. सी ड्राइव्ह लाल झालेला. १०० जीबीत २ जीबीसुद्धा मोकळे नव्हते. शेजारचा डी ड्राइव्ह मात्र रिकामा; कारण त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. सी मध्ये काय भरले होते? लग्नाचे व्हिडिओ, एकच नोट्स चार-चार वेळा उतरवलेल्या, आणि सर्वांत मोठी फाइल ११ जीबीची. ती आमच्याच जयंती कार्यक्रमाच्या चित्रीकरणाची निघाली. आमची भाषणे त्या मुलीच्या अभ्यासाच्या छातीवर बसली होती. मुलीचे वडील प्रथमच हसले. आम्हीही हसलो, पण ओशाळून.

ती फाइल काढली. रीसायकल बिन रिकामी केली. विंडोजमधील डिस्क क्लीनअप चालवून तात्पुरत्या फाइली पुसल्या. राहिलेले व्हिडिओ डी ड्राइव्हवर नेले. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप या भागात गेलो. यंत्र सुरू होताच आपणहून जागे होणारे नऊ प्रोग्राम तिथे होते. गरजेचे ठेवून बाकीचे डिसेबल केले. डिसेबल केल्याने प्रोग्राम पुसला जात नाही. बोलावल्याशिवाय येत नाही, एवढेच. अँटीव्हायरसही दोन होते. एका दारावर दोन राखणदार एकमेकांनाच अडवतात. विंडोजचा स्वतःचा राखणदार असतोच. म्हणून मुदत संपलेला दुसरा काढून टाकला.

कारणाची साखळी

यंत्र आता दोन मिनिटांत उठू लागले. ब्राउझर मात्र दाखला जोडताना पुन्हा कोसळला. म्हणजे कारण आणखी एक होते.

इथे एक युक्ती उपयोगी पडते. ब्राउझरची इनकॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकी उघडावी. त्या खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला बाहेरून लावलेले छोटे प्रोग्राम. खासगी खिडकीत काम नीट झाले तर दोष बहुधा एक्स्टेन्शनचा समजावा. आमचे काम तिथे नीट चालले. मग यादी उघडली. सात एक्स्टेन्शन! त्यातले एक "वेग वाढवणारे" आणि चार कागदांचा आकार कमी करून देणारे.

मुलीने सांगितले ते ऐकून सारा उलगडा झाला. मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो ४-५ एमबीचा होता. अर्जाला फाइल लागते काही किलोबाइटची. म्हणून तिने आकार कमी करणाऱ्या वेबसाइट शोधल्या. प्रत्येकीने आपले एक्स्टेन्शन गळ्यात बांधले. प्रत्येकाबरोबर जाहिराती आल्या. जाहिरातींनी ब्राउझर मंद झाला. म्हणून तिने वेग वाढवणारे एक्स्टेन्शन घातले. त्याने तो आणखी मंद झाला. आजार बरा व्हावा म्हणून ताईत बांधावा आणि ताईतच गळ्याला फास व्हावा, तशी ही गत! मुलगी आळशी नव्हती. ती रात्री दोनपर्यंत या साखळीशी एकटीच झुंजत होती.

सातही एक्स्टेन्शन काढले. ब्राउझरची कॅश पुसली. पुसताना पासवर्डसमोरची खूण काढून टाकली, नाहीतर जतन केलेले पासवर्डही जातात. ब्राउझर अद्ययावत केला. पंधरा टॅब उघडे होते, ते दोनवर आणले. कारण जवळजवळ प्रत्येक टॅब ओट्यावर आपली वेगळी जागा अडवतो. एवढे करूनही ब्राउझर कोसळत असेल तर त्याच्या सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून पाहावे, किंवा दुसरा ब्राउझर वापरून पाहावा.

आणि फोटोचा आकार? त्यासाठी कोणत्याही वेबसाइटची गरज नाही. विंडोजमध्येच पेंट नावाचा प्रोग्राम असतो. त्यात फोटो उघडावा, नको असलेली कडा कापावी, रीसाइझमध्ये टक्के कमी करावेत आणि वेगळ्या नावाने जेपीईजी म्हणून जतन करावा. अक्षरे वाचता येतात ना, तेवढे पाहावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड हे कागद अनोळखी वेबसाइटच्या हाती देऊ नयेत. ते आपल्या घराची किल्ली आहेत.

त्या रात्री पावणेदहा वाजता दाखला जोडला गेला. मुलीने "काका, झालं!" एवढेच म्हटले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि पिशवी मुलीच्या हातात दिली. अर्जाचा उरलेला भाग सोमवारी पहाटे भरून झाला.

लक्षात ठेवण्याजोगे

तारीख जवळ आली असेल तर आधी अर्ज, मग दुरुस्ती. कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरावा. तिथून निघताना लॉग आउट करून आपले कागद त्या संगणकावरून पुसावेत. ही शिष्यवृत्ती कोणाची मेहेरबानी नाही. धम्म स्वीकारल्यावर केंद्राच्या सवलतींपासून दूर ठेवलेल्या बौद्धांना १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांचे मोर्चे आहेत. ते हक्क २ जीबी जागेपायी गमवायचे काय?

लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवू नये. खालची झरोके बुजतात, यंत्र तापते आणि तापले की स्वतःच वेग कमी करते. लाकडी पाटावर ठेवावा. पंख्याच्या तोंडाशी साचलेली धूळ जाणकाराकडून साफ करून घ्यावी. तारीख-वेळ चुकीची असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडायला नकार देतात. कोपऱ्यातले घड्याळ आधी पाहावे.

"तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा" अशी पाटी पडद्यावर झळकली तर फोन करू नये. ती नवी बुवाबाजी आहे. घाबरवणे आणि पैसे काढणे हा धंदा जुनाच, वेश तेवढा नवा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

खर्च कधी करावा? वरचे सारे करूनही डिस्कचा रकाना शंभरावरच राहत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवल्याने सर्वांत मोठा फरक पडतो. मेमरीचा रकाना भरलेला असेल तर रॅम ४ ची ८ जीबी करावी. मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येत नाही आणि एसएसडीचेही प्रकार असतात. म्हणून आधी विचारावे, दोन-तीन दुकानांत भाव काढावा, जुना सुटा भाग परत मागावा. आणि "मदरबोर्ड गेला" असे कोणी म्हणाले तर, "कशावरून?" हा एक प्रश्न जरूर विचारावा. जो नीट सांगतो त्याच्याकडे काम द्यावे.

यंत्र फार जुने असेल तर आणखी एक अडचण येते. गूगल क्रोमने २०२३ च्या आरंभी विंडोज ७ आणि ८.१ साठी नव्या आवृत्त्या देणे थांबवले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ बसवायला यंत्रही तसे लागते. पुष्कळ जुन्या लॅपटॉपना ते अधिकृतपणे बसत नाही. म्हणून ते भंगारात काढायचे असे नाही. लिनक्स मिंटसारखी प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. ती जाणकाराच्या मदतीने आणि सर्व फाइलींची प्रत काढल्यावरच बसवावी.

प्रतीचे महत्त्व सांगायला बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक घटना आठवते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुस्तकांचे सामान त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. त्यांच्यापुढे दुसरी प्रत ठेवण्याचा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. साधा पेन ड्राइव्हही पुरतो. दाखले, गुणपत्रिका, प्रकल्प हे नेहमी दोन ठिकाणी असावेत. सी वरून डी वर नेले म्हणजे दोन ठिकाणी झाले असे नव्हे. दोन्ही एकाच डिस्कवर असतात. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर साफसफाईच्या आधी प्रत काढावी.

उरलेले चार

इथे लेख संपवता आला असता. पण दुसऱ्या दिवशी आम्हाला स्वस्थ बसवेना. कामावरून सुटल्यावर आम्ही उरलेल्या चार घरी गेलो.

एक लॅपटॉप छान चालत होता. एक कपाटात, नव्या ओढणीत गुंडाळून ठेवलेला. बिघडू नये म्हणून कोणी हातच लावला नव्हता. एक भंगारात गेला होता. चौथ्या घरचा मुलगा भेटला नाही. तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत पाळीवर गेला होता. त्याचा लॅपटॉप आठ महिने बंद होता. ब्राउझर उघडेना, अर्ज भरता आला नाही, शिष्यवृत्ती चुकली, फी थकली आणि कॉलेज सुटले.

आम्ही त्याच्या आईला विचारले, "आम्हाला का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "समाजानं दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं, भाऊ?"

या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. विहारात वाटपाचा तो फोटो फ्रेममध्ये लावला आहे. मुलगा एका टोकाला आहे आणि आम्ही मध्यभागी. लॅपटॉप देताना आम्ही त्याला सांगितले होते, "खूप शिक." "अडला तर सांग," हे सांगायचे राहून गेले होते.

त्याचा लॅपटॉप आम्ही आणला. दोष तोच निघाला: भरलेला ड्राइव्ह आणि आपणहून जागे होणारे डझनभर प्रोग्राम. दोन तासांचे काम. दोन तासांच्या कामासाठी एका मुलाचे वर्ष गेले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नोकरी करून पदवी घेता येते, हे आम्ही त्याला सांगून आलो. "बघतो," म्हणाला. त्याने प्रवेश घ्यावा म्हणून आम्ही पुन्हा जाणार आहोत.

वाटप हे अर्धे काम असते, हा धडा आम्ही उशिरा शिकलो. आता आमच्या विहारात महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर दोन तास लॅपटॉप तपासले जातात. एक शंभर पानी वही केली आहे. तारीख, तक्रार, कारण, उपाय असे चार रकाने. वही ती बी. कॉम.ची मुलगी लिहिते. पहिल्याच रविवारी सहा लॅपटॉप आले. त्यातल्या चारांत एकही पैसा खर्च करावा लागला नाही.

आपल्या वस्तीतही एवढे करता येईल. मंडळाने यंदा काय वाटले याची यादी काढा आणि एका संध्याकाळी त्या घरांची दारे ठोठावा. ज्या आईवडिलांच्या घरी लॅपटॉप अडला आहे त्यांनी मुलावर हात उगारण्याआधी त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे, "नक्की कुठं अडतं, दाखव." आणि मुलामुलींनो, दिलेली वस्तू बिघडली हे सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. ती वस्तू तुमच्यासाठी आहे. तुम्ही त्या वस्तूसाठी नाही.

जयभीम!